'ताकदीची' गोळी : कुणी घ्यावी, किती घ्यावी आणि कुणी घेऊ नये?

वस्तीतल्या बहुतेक घरांत औषधांची एक पिशवी असते. टीव्हीच्या कप्प्यात, फ्रीजवर किंवा पत्र्याच्या कपाटात. त्या पिशवीत आजोबांच्या बीपीच्या गोळ्या असतात, आईच्या साखरेच्या गोळ्या असतात आणि त्यांच्याबरोबर 'ताकदीच्या' गोळ्याही असतात. कॅल्शियमचे अर्धे संपलेले पाकीट, बी-कॉम्प्लेक्सची पिवळी कॅप्सूल, टॉनिकची चिकट झालेली बाटली, सूनबाईला दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या. वर फळीवर मुलाच्या जिमचा प्रोटीनचा डबा. अलीकडे काही घरांत कुणा ओळखीच्या माणसाने 'मीटिंग'मध्ये विकलेली महागडी पावडरही दिसते.

आमच्या आरोग्य पानासाठी वस्त्यांत, विहारात, महिला मंडळात बोलताना आम्ही लोकांना दोनच गोष्टी विचारतो : हे कशासाठी घेता आणि कुणी सांगितले? पहिल्याचे उत्तर बहुधा 'अंगात ताकद राहत नाही म्हणून' असे येते. दुसऱ्याचे उत्तर 'मेडिकलवाल्याने', 'शेजारच्या ताईने', 'जिमच्या सरांनी', 'मोबाईलवर पाहिले' असे येते. डॉक्टरांनी तपासून सांगितले, असे म्हणणारे कमी भेटतात. शिकलेल्या घरांतही यात फारसा फरक नाही.

यात पैसा जातो आणि कधी कधी जीवावरही बेतते. ज्या गोळीची खरी गरज आहे आणि जी फुकट मिळते, ती पिशवीत पडून राहते. ज्या डब्याची गरज नाही, तो दोन-अडीच हजार रुपये मोजून, प्रसंगी हप्त्याने घेतला जातो. म्हणून या वेळी हा विषय सविस्तर घेत आहोत.

औषध की अन्न?

जीवनसत्त्वे, खनिजे, प्रथिने अशा गोष्टी गोळी, पावडर किंवा सिरपच्या रूपात आहाराला जोड म्हणून घेतल्या जातात. त्यांना पूरक आहार म्हणतात, बोलीभाषेत सप्लिमेंट. 'पूरक' म्हणजे कमी पडते तेवढे भरून काढणारे. जेवणाऐवजी घ्यायची ही वस्तू नाही आणि आजार बरा करणारे औषधही नाही.

आपल्या कायद्यातही हा फरक आहे. औषधांवर औषध कायद्याची देखरेख असते. सप्लिमेंट मात्र अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली येतात. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये वेगळे नियम झाले. त्यांनुसार डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' असे लिहावे लागते आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचनाही छापावी लागते. ही सूचना बहुतेक डब्यांवर असते, पण बारीक इंग्रजीत. विकणारा ती वाचून दाखवत नाही.

म्हणजे एखादी पावडर 'शुगर मुळासकट घालवते' असे कुणी सांगत असेल, तर तो त्याच्याच डब्यावर लिहिलेल्या वाक्याच्या विरुद्ध बोलत आहे, एवढे ओळखावे.

आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची लाल गोळी आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले बी-१२ किंवा डी जीवनसत्त्व हे उपचाराचा भाग असतात. ते ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या दिवसांपुरतेच घ्यायचे असते.

पडून राहिलेली लाल गोळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. पुरुषांतही साधारण पाचांतल्या एकाला रक्तक्षय होता. धाप लागणे, जिना चढताना पाय गळणे, चक्कर येणे, कामात लक्ष न लागणे याला आपण 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतो. बाळंतपणात मात्र हाच अशक्तपणा बाईच्या जीवावर उठतो. रक्तस्राव झाला तर सोसण्याची ताकदच शरीरात उरलेली नसते.

यासाठी 'ॲनिमिया मुक्त भारत' हा कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. त्यातल्या गोळ्या रंगावरून ओळखता येतात. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी. गरोदर नसलेल्या तरुण स्त्रियांना आठवड्याला एक लाल गोळी. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज एक. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. आशाताई, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र यांच्यामार्फत ती विनामूल्य मिळते.

मग ती पडून का राहते? कारणे आम्ही पुष्कळ ऐकली. 'मळमळ होते', 'शौचाला काळी होते, म्हणजे आत काहीतरी बिघडले', 'बाळ फार मोठे होते, मग सिझर करावे लागते', 'बाळ काळे होते', 'फुकटची गोळी चांगली नसते'. यातली मळमळ खरी आहे. शौच काळी होणेही खरे आहे, पण ते न शोषलेले लोह बाहेर पडत असल्यामुळे होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बाकीच्या गोष्टी निराधार आहेत. महागड्या टॉनिकमधले लोह आणि सरकारी गोळीतले लोह शरीर वेगळे ओळखत नाही.

गोळीचा उपयोग व्हावा यासाठी एवढे करा :

• चहाबरोबर किंवा चहाच्या लगेच आधी-नंतर गोळी घेऊ नका. चहा-कॉफीमुळे लोह नीट शोषले जात नाही. किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवा.

• लिंबूपाणी, आवळा, पेरू, संत्रे यांच्याबरोबर घेतल्यास लोह जास्त शोषले जाते.

• रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या. मळमळते म्हणून गोळी बंद करू नका, आशाताईला सांगा.

• लोह आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या मिळतात, तेव्हा ही चूक हमखास होते. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्या आणि लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर ठेवा.

• जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, ती टाळू नका. पोटात जंत असतील तर दिलेले लोह वाया जाते.

• गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. लाल गोळी मुलांना चॉकलेटसारखी दिसते. मूठभर लोहाच्या गोळ्यांनी लहान मुलाचा जीव जाऊ शकतो.

सिकलसेल असेल तर आधी विचारा

विदर्भातल्या वाचकांनी हा भाग नीट वाचावा, घरच्यांनाही वाचून दाखवावा. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष विदर्भात मोठ्या प्रमाणावर आहे आणि आदिवासी समाजांबरोबर आपल्या समाजातही तो जास्त आढळतो. हे वैद्यकीय पाहण्यांतून अनेक वर्षांपासून दिसत आले आहे. कामानिमित्त नागपूर, चंद्रपूर, गोंदियाहून मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आलेल्या कुटुंबांनाही हे लागू आहे.

सिकलसेलच्या रुग्णाचेही रक्त कमी असते, पण त्याचे कारण वेगळे असते. त्याच्या लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर फुटतात. वारंवार रक्त चढवलेले असेल तर शरीरात लोह आधीच साठलेले असते. अशा माणसाने 'रक्त कमी आहे' म्हणून मेडिकलमधून लोहाचे टॉनिक आणून पिणे घातक ठरू शकते. साठलेले लोह यकृत आणि हृदयावर परिणाम करते. या रुग्णांना डॉक्टर सहसा फॉलिक ॲसिड देतात. लोह द्यायचे की नाही, ते तपासणी करून ठरवतात. जो केवळ वाहक आहे, रुग्ण नाही, त्याला लोहाची गोळी घ्यायला सहसा अडचण नसते. पण आपण वाहक आहोत की रुग्ण, हे तपासणीशिवाय कळत नाही.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. लग्न ठरवताना तर ती करावीच, पण ताकदीची बाटली घेण्याआधीही करावी.

कॅल्शियम आणि डी : सात दिवसांची पुडी रोज घेऊ नका

कंबर दुखली, गुडघे दुखले की कॅल्शियम घ्यायचे, ही समजूत पक्की झाली आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणी, तीळ, दूध-दही, सुकट-बोंबील आणि हिरव्या पालेभाज्या यांतून त्यातला मोठा वाटा मिळू शकतो. गरोदर व अंगावर पाजणारी आई, पाळी गेलेल्या स्त्रिया, हाडे ठिसूळ झालेले वृद्ध यांना डॉक्टर गोळी देतात. पण दिवसभर धुणीभांडी करून किंवा ओझी वाहून दुखणाऱ्या कंबरेवर कॅल्शियम हा उपाय नव्हे. ज्यांना मुतखडा झाला आहे, त्यांनी तर न विचारता घेऊच नये.

डी जीवनसत्त्वाबाबत जास्त सावध राहायला हवे. दुकानात ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मिळते. ती डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा, काही आठवड्यांपुरती देतात. रोजची गरज साधारण ६०० युनिटची. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांच्या गरजेइतके डी असते. चिठ्ठी नीट वाचता आली नाही आणि ती रोज घेतली गेली, असे घडते. बी आणि सी जीवनसत्त्व जास्त झाले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते, पण डी चरबीत साठते. मग रक्तातले कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. वेळीच लक्ष दिले नाही तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. 'आठवड्यातून एकदा' म्हणजे कोणत्या वारी, ते मेडिकलवाल्याकडून पाकिटावर मराठीत लिहून घ्या.

ए जीवनसत्त्वही असेच साठते. गरोदरपणात त्याच्या मोठ्या मात्रेने बाळात व्यंग येऊ शकते. ए जीवनसत्त्व ज्यापासून बनते त्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात दिल्या होत्या. कर्करोग टळेल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. 'घेतले तर काही नुकसान तर होत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. विडी-सिगारेट सोडण्याला कुठल्याही गोळीचा पर्याय नाही.

बी-१२ : गरज कुणाला?

बी-१२ हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळते. भाजीपाल्यात ते नसते. ते कमी झाले तर हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होते, विसरभोळेपणा येतो, रक्त कमी होते. पूर्ण शाकाहारी माणसे, साठीच्या पुढची माणसे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणारी माणसे यांच्यात ही कमतरता जास्त दिसते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडे हा विषय आपणहून काढावा. मुंग्या साखरेमुळे आहेत की बी-१२ कमी झाल्यामुळे, हे तपासूनच कळते.

वर्षावासात अनेक घरांत तीन महिने मांसाहार बंद असतो. त्याने बी-१२ संपेल का, असे आम्हाला विचारले जाते. एरवी अंडी-मासे खाणाऱ्या धडधाकट माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा वर्षानुवर्षे पुरेल इतका असतो. त्यामुळे तीन महिन्यांनी फरक पडत नाही. त्या काळात दूध, दही, ताक चालू ठेवावे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस यांच्या ताटात मात्र अंडे किंवा दूध कमी करू नये.

'ताकदीचे सलाईन' म्हणजे काय?

वस्तीतल्या छोट्या दवाखान्यात जाऊन 'एक ताकदीची बाटली लावा' असे सांगणारे पुष्कळ आहेत. या बाटलीत काय असते, ते पाहू. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. अर्धा लिटर ग्लुकोजच्या बाटलीत, म्हणजे पाच टक्केवाल्या बाटलीत, २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. त्यातून मिळणारी ऊर्जा एका भाकरीपेक्षा कमी. त्यात लाल-पिवळे इंजेक्शन सोडले की ते बी-कॉम्प्लेक्स किंवा बी-१२ असते. पाहायला भारी वाटते, एवढेच.

जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल, तोंडाने काही जात नसेल, तर सलाईन जीव वाचवते. पण थकवा आला म्हणून ते लावण्यात पैसे जातात. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि साखरेच्या रुग्णाला त्याचा अपायही होतो.

दुसरी गोष्ट अशी, की थकवा हा स्वतः आजार नसतो, ते आजाराचे लक्षण असते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यामागे क्षयरोग असू शकतो. सारखी तहान-लघवी म्हणजे मधुमेह असू शकतो. पाळीत फार रक्त जात असेल तर गर्भाशयाचा विकार असू शकतो. टॉनिकने चार दिवस बरे वाटते आणि तपासणी तीन महिने लांबते. या तीन महिन्यांची किंमत मोठी असते.

क्षयरोगाचाच एक दाखला देतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांवर मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या माणसांना दरमहा तांदूळ-डाळीचा शिधा आणि सोबत सूक्ष्म पोषकद्रव्ये दिली. ज्या घरांत हे मिळाले, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. म्हणजे गोळी निरुपयोगी नाही, पण तिचे काम पोटभर जेवणाच्या जोडीने होते. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकारकडून दरमहा १००० रुपये खात्यात मिळतात. ते मिळत नसतील तर दवाखान्यात विचारा.

जिममधला डबा

पोलीस भरतीची तयारी करणारी, जिममध्ये जाणारी आपली मुले हजारो रुपये प्रोटीन पावडरवर घालतात. आईबाप पोटाला चिमटा काढून ते देतात. हा हिशेब एकदा बसून करू.

साधारण माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. ज्वारी-बाजरीच्या चार भाकरींतून सुमारे २० ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरणातून १४, दोन अंड्यांतून १२ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात. बेरीज ५३. कसून व्यायाम करणाऱ्याला थोडे जास्त लागते. त्यासाठी ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या खाल्ल्या तर आणखी २५ ग्रॅम मिळतात. डब्यातला एक मोठा चमचा साधारण २४ ग्रॅम प्रथिने देतो, असे त्यावर लिहिलेले असते. तेवढी प्रथिने चार अंड्यांत असतात. अंडे आठ रुपयांना धरले तर ३२ रुपये झाले. अडीच हजारांच्या किलोच्या डब्यात तीस चमचे धरले, तर एका चमच्याला ८० रुपयांच्या वर पडतात.

शिवाय डब्यावर लिहिलेले खरे असतेच असे नाही. केरळमधल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३६ पैकी २५ पावडरींत प्रथिनांचे प्रमाण लेबलशी जुळत नव्हते. काहींत बुरशीचे विष आढळले. त्याच वर्षी भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची पूरके टाळा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ज्यांच्या घरात मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी तर तपासणीशिवाय पावडरीला हात लावू नये.

याहून घातक आहेत त्या 'वजन वाढवायच्या' सुट्या गोळ्या. बारीक मुला-मुलींना त्या कागदात बांधून दिल्या जातात. महिन्याभरात भूक लागते, गाल भरतात, घरचे खूश होतात. यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. भरलेले गाल म्हणजे तब्येत सुधारली असे नव्हे, ती सूज असते. पुढे साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतात. महिनोन् महिने घेऊन एकदम बंद केल्या तर माणूस कोसळू शकतो. अशा गोळ्या कुणी घेत असेल तर स्वतःहून बंद करू नका. त्या घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखवा. सांधेदुखीच्या 'जादुई' पावडरींबाबतही हाच धोका आहे.

मीटिंगवाले आणि साखळी

वस्तीत आणखी एक प्रकार फोफावला आहे. ओळखीचा माणूस चहाला येतो, मग 'मीटिंग'ला नेतो. तिथे कोट घातलेला कुणीतरी सांगतो की या पावडरीने साखर गेली, लकवा बरा झाला, कॅन्सरची गाठ विरघळली. आणि तुम्हीही चार जण जोडले तर महिन्याला इतके मिळतील. आजारपण आणि बेकारी या आपल्या दोन्ही दुखऱ्या जागा त्याला ठाऊक असतात. विकायला येणारा आपलाच नातेवाईक असतो, म्हणून 'नाही' म्हणवत नाही. तोही बहुधा फसलेलाच असतो.

कायदा काय सांगतो, ते माहीत असू द्या. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, उंची वाढवणे, रक्तदाब अशा अनेक गोष्टींवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले. त्यांनुसार साखळीत माणसे जोडून पैसे कमावण्याच्या पिरॅमिड योजनेला मनाई आहे. घरी येणाऱ्या विक्रेत्याकडे ओळखपत्र हवे आणि त्याने आधी वेळ घेऊन यायला हवे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही तक्रार देता येते. पावती मात्र जपून ठेवा. पावती देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि एक गोष्ट कुणाच्याही भिडेखातर करू नका. पावडर सुरू केली म्हणून साखरेची, बीपीची, फिटची किंवा क्षयाची गोळी बंद करू नका.

आपल्या ताटातली ताकद

बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, अशी समजूत आहे. बीटमध्ये लोह फारसे नसते. लोह असते कलेजीत, रक्तीत, मांसात, सुक्या मासळीत, बाजरीत, अहळिवात, तिळात, हिरव्या पालेभाज्यांत आणि डाळी-कडधान्यांत. मांसातले लोह सर्वांत चांगले शोषले जाते. आपल्या आज्या-पणज्या कलेजी, रक्ती, वजडी शिजवत, तेव्हा त्या खाण्याला लोकांनी नावे ठेवली. पोषणाच्या हिशेबाने ते उत्तम अन्न होते. नवी पिढी लाजेने ते सोडते आणि लोहाची कॅप्सूल विकत घेते. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त मांस गेले. पण अंडी, कोंबडीची कलेजी, सुकट, जवळा, बोंबील अजून आवाक्यात आहेत. शाकाहारी घरांनी कडधान्याला मोड आणावेत आणि वर लिंबू पिळावे. भाजी लोखंडी कढईत करावी. जेवणावर लगेच चहा नको.

मुलांसाठी आणलेल्या चॉकलेटी पावडरींबद्दलही एक वाक्य. 'हेल्थ ड्रिंक' असा कोणताही प्रकार अन्न सुरक्षा कायद्यात नाही. अशा पावडरींना ते नाव लावू नका, असे सरकारने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले. त्यांतल्या अनेकांत साखर भरपूर असते.

न विचारता घेऊ नये, अशी माणसे

• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया (आरोग्य केंद्रातून दिलेल्या गोळ्या सोडून).

• सिकलसेल, थॅलेसेमियाचे रुग्ण : लोह.

• मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे विकार आणि मुतखडा असलेले.

• थायरॉइडची गोळी घेणारे : लोह-कॅल्शियम आणि ही गोळी यांत चार तासांचे अंतर हवे, नाहीतर थायरॉइडची गोळी लागू पडत नाही.

• रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे. के जीवनसत्त्वाने वॉरफरिनचा परिणाम कमी होतो.

• ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. काय काय घेता, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून लपवू नका.

डबा घेण्याआधी पाच प्रश्न

१. हे घ्यायला कुणी सांगितले? त्याने रक्त तपासले का?

२. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का? 'फूड सेफ्टी कनेक्ट' या मोबाईल ॲपवर तो खरा आहे का, ते पाहता येते.

३. कोणता घटक किती आहे आणि रोज किती घ्यायचा, हे लिहिले आहे का? मुदत संपलेली नाही ना?

४. आजार बरा होईल, असा दावा आहे का? असेल तर घेऊ नका.

५. हेच सरकारी दवाखान्यात फुकट किंवा जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते का?

लेबल इंग्रजीत असते, ही आपल्या घरांतली मोठी अडचण आहे. तिच्यावर उपाय आपल्याच हातात आहे. आमची सूचना अशी : रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा अर्धा तास राखून ठेवा. प्रत्येकाने घरातली औषधांची पिशवी विहारात आणावी. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी लेबल वाचून नाव, मात्रा आणि मुदत मराठीत चिठ्ठीवर लिहून द्यावी. मुदत संपलेले बाजूला काढावे. शंका असेल ते आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवावे. औषध बंद करण्याचा किंवा सुरू करण्याचा निर्णय मात्र विहारात घेऊ नका, तो डॉक्टरांचा आहे. त्याच दिवशी वस्तीतल्या स्त्रियांची हिमोग्लोबिन तपासणी ठेवता आली तर फारच चांगले. आरोग्य केंद्राला पत्र देऊन तशी विनंती करता येते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२, गरोदर स्त्रीचे ११ आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली असेल, तर ते कमी समजावे.

आणि आज घरी गेल्यावर पहिले काम करा. पिशवीतल्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर काढा. त्या कुणासाठी दिल्या होत्या आणि तिने त्या का घेतल्या नाहीत, ते तिला शांतपणे विचारा.